जुन्या घरातले नवे स्वयंपाकघर : आधी आराखडा, मग पहार



'घर पाहावे बांधून' अशी आपल्याकडे म्हण आहे. पण मोकळ्या जागेवर नवे घर बांधणे एकवेळ सोपे. जुन्या, नांदत्या घरातली एक खोली मोडून ती नव्याने करणे त्याहून अवघड. आणि ती खोली स्वयंपाकघर असेल तर फारच अवघड, कारण घरातली बाकीची कामे आठ दिवस थांबू शकतात, चूल काही थांबत नाही.

ऊस विकासाचे काम पाहणाऱ्या माणसाने स्वयंपाकघरावर लिहावे, याचे काही सभासदांना नवल वाटेल. पण लागणीच्या नोंदी, बेणेबदल, खोडव्याची पाहणी यासाठी आम्ही वर्षभर गावोगाव फिरतो आणि सभासदांच्या घरी टेकतो. उसाचे बिल बँकेत जमा झाले, की बरेच जण हमखास सांगतात, "साहेब, यंदा आतली खोली करायची म्हणतोय. फरशी कुठली टाकावी?" आमचे म्हणणे असे, की विचार फरशीपासून सुरू झाला की काम बिघडते. रान न नांगरता आधी बेण्याची जात ठरवण्यासारखेच ते आहे. स्वयंपाकघराच्या कामात क्रम असा असावा : काम करणारी बाई पहिली, घराचा भार दुसरा, धूर तिसरा, पाणी चौथे, आणि फरशी सर्वांत शेवटी. या क्रमानेच पुढे लिहीत आहोत.

१. पहिले माप बाईचे

घराचा कर्ता पुरुष आणि गवंडी ओसरीवर बसून स्वयंपाकघराचा आराखडा ठरवतात, आणि जिला रोज चार-पाच तास तिथे काढायचे तिला तो काम झाल्यावर दिसतो. ही रीत सोडावी. आराखडा ठरवण्यापूर्वी घरातल्या बायांना एक दिवस नुसते काम करू द्या आणि नीट पाहा. पाणी कुठून आणतात, पीठ कुठे मळतात, भांडी कुठे विसळतात, तांदळाची कोठी उघडायला किती वेळा उठतात. जास्त फेऱ्या जिथे पडतात त्या वस्तू नव्या रचनेत जवळ आणायच्या. चूल, मोरी आणि धान्य-पिठाची जागा या तिन्ही तीन-चार पावलांच्या आत असाव्यात. दोघी एकाच वेळी काम करत असतील तर ओट्यासमोर चार फूट मोकळी जागा ठेवावी, म्हणजे एकीच्या हातातला गरम टोप दुसरीला लागत नाही.

ओट्याची उंची गवंड्याच्या सवयीने ठरवू नये. बाईने सरळ उभे राहून कोपर काटकोनात दुमडावे. जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करावेत. ही तिच्या ओट्याची उंची. आपल्याकडच्या पुष्कळ बायांना ती ३० ते ३२ इंच येते. शहरातून पाहून आलेला ३४-३५ इंची ओटा त्यांना उंच पडतो, खांदे भरून येतात. शेगडी ठेवल्यावर तिची उंची आणखी वाढते, म्हणून शेगडीपुरता ओटा तीन-चार इंच खाली घेतला तर उत्तम. रुंदी दोन फूट असावी, म्हणजे परात नीट बसते.

भाकरीचा विचार वेगळा करावा लागतो. ज्वारीची, नाचणीची भाकरी थापायला जोर लागतो आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ती काठवटीत बसूनच थापायची सवय असते. "आता सगळे उभ्याने" असा हुकूम काढला की सासूबाईंचा हात त्या खोलीतून सुटतो. म्हणून एका कोपऱ्यात पाट टाकून बसता येईल एवढी चार बाय चार फुटांची जागा राखून ठेवावी. पाटा-वरवंटाही तिथेच राहील. नवे स्वयंपाकघर झाले म्हणून आजीला उपरे वाटता कामा नये.

२. घराचा भार कशावर आहे ते पाहा

भोर आणि वेल्हे भागातली जुनी घरे लाकडी खांबांवर उभी आहेत. वेल्ह्याला आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे, पण बोलण्यात अजून वेल्हेच आहे. या घरांत सागाचे किंवा ऐनाचे खांब, त्यावर तुळया, वर वासे आणि कौले. भिंती दगड-मातीच्या नाहीतर कच्च्या विटांच्या. घर मोजायचे तेही खणांवर. यातला कुठला भार खांबावर आहे आणि कुठला भिंतीवर, हे बाहेरून पाहून कळत नाही. काही घरांत भिंत फक्त आडोशाला आहे, छप्पर खांबांनी पेलले आहे. काही घरांत तुळईचे एक टोक थेट भिंतीत गेले आहे. पहिल्या प्रकारात भिंतीत खिडकी काढणे त्यामानाने सोपे. दुसऱ्या प्रकारात पहार मारण्यापूर्वी तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू दिलेच पाहिजेत. गावात जुन्या पद्धतीचे काम केलेला सुतार असेल तर गवंड्याच्या आधी त्याला बोलवा.

दगड-मातीची जाड भिंत भक्कम दिसते. पण ती बहुधा दोन पदरांची असते. आतून एक दगडी पदर, बाहेरून दुसरा, आणि मधे बारीक दगड-मातीची भर. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नसतील तर पाणी मुरून भिंतीला पोट येते आणि एक पदर ढासळतो. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशा भिंतींनी माणसे दडपली. किल्लारीनंतर मराठवाड्यात उभ्या असलेल्या घरांची मजबुती करताना भिंतीला आरपार भोके पाडून त्यात सळई-काँक्रीटचे बांध बसवण्याची पद्धत वापरली गेली. कोयना आपल्यापासून फार लांब नाही. स्वयंपाकघराचे काम निघालेच आहे, तर त्या खोलीच्या भिंती या पद्धतीने बांधून घ्याव्यात. खर्च थोडा येतो, आणि एरवी हे काम मुद्दाम कोणी काढत नाही.

आणखी तीन गोष्टी सांगतो.

खिडकी किंवा दार कोपऱ्याला खेटून काढू नये. कोपऱ्यापासून किमान दोन फूट सोडावेत, आणि वरचा आडवा पाट दोन्ही बाजूंना निदान नऊ इंच ते एक फूट भिंतीत टेकवावा.

कडप्प्याचा ओटा मातीच्या भिंतीत खोबण मारून अडकवू नये. ओट्याला स्वतःचे विटांचे पाय आणि पायांना स्वतःचा पाया द्यावा. ओटा भिंतीला टेकावा, भिंतीवर लटकू नये.

मातीच्या भिंतीवर सरसकट सिमेंटचा गिलावा करू नये. मातीची भिंत ओल घेते आणि सोडतेही. वरून सिमेंटचे कवच चढवले की ओल आत कोंडते, गिलावा सुटतो आणि आतली माती भुसभुशीत होते. पासली-केळदकडच्या किंवा हिर्डोशी खोऱ्यातल्या पावसात हे दोन-तीन वर्षांत दिसू लागते. चुन्याचा गिलावा करावा, आणि पाणी उडते तेवढ्याच पट्ट्यात ओट्यामागे विटांचा पातळ पडदा घेऊन त्यावर फरशी लावावी.

३. धुराची वाट

चुलीचा धूर आपल्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या गिळला. डोळे चुरचुरणे, दम लागणे, खोकला, हे सगळे "बायकांचे दुखणे" म्हणून सोडून दिले गेले. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा आहे, की २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसे घरातल्या धुराने दगावली. धुराजवळ सर्वांत जास्त वेळ बाई असते आणि तिच्या कडेवरचे मूल असते.

यावर सरकारी प्रयत्न झाले. १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि तो २००२ पर्यंत चालला. पुष्कळ घरांत निर्धूर चुली बसल्या, पण नळीतली काजळी कोणी काढली नाही, नळी तुंबली आणि चूल पुन्हा खोलीत धूर सोडू लागली. पुढे मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅसच्या जोडण्या आल्या. आज बहुतेक सभासदांकडे शेगडी आहे. तरी पाणी तापवायला, मोठा भात शिजवायला, पावसाळ्यात उबेला चूल पेटतेच. म्हणून "गॅस आला, आता धुराचा प्रश्न नाही" असे समजून बिनखिडकीची खोली करू नये.

राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे स्वयंपाकघराला बाहेर उघडणारी किमान १ चौरस मीटर, म्हणजे जवळपास ११ चौरस फुटांची खिडकी लागते. खोली निदान ५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५४ चौरस फूट असावी. आत बसून जेवायचे असेल तर साडेसात चौरस मीटर. जुन्या घरातली आतली खोली आकाराने यापेक्षा मोठीच असते, कमी पडते ती खिडकी. एक खिडकी काढून भागत नाही. समोरासमोर हवा येण्या-जाण्याची सोय हवी, आणि छपराला आढ्याजवळ कौले उचलून जाळीचे धुराडे ठेवावे. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे शेगडी-चूल खोलीच्या पूर्वेच्या किंवा आग्नेयेच्या बाजूला असली की धूर घरात न फिरता बाहेर जातो. शास्त्र म्हणून कोणी आग्नेय कोपरा धरत असेल तर व्यवहारालाही तो सोयीचा आहे.

चूल ठेवायची असेल तर तिला चार इंची नळी द्यावी आणि नळी कौलांच्या वर निदान दोन फूट न्यावी. वर पावसाची टोपी हवी. नळी वाशांना चिकटू देऊ नये, भोवती पत्र्याचे कवच द्यावे. महिन्यातून एकदा काजळी काढावी, आणि हे काम घरातल्या पुरुषाने अंगावर घ्यावे.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. चुलीच्या धुराने वासे काळे झाले, पण त्याच धुराने त्यांना कीडही लागू दिली नाही. धूर बंद झाला की तीन-चार पावसाळ्यांत वाशांतून पिवळा भुसा पडू लागतो. म्हणून चूल बंद करणार असाल तर त्याच वेळी वासे व तुळया झाडून-पुसून त्यांना वाळवीचे औषध लावून घ्यावे. तुळईचे भिंतीत गेलेले टोक विसरू नये, कूज तिथूनच सुरू होते.

४. जळण : गॅस, गोबरगॅस आणि पाचट

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत साचतो. म्हणून वरच्या खिडकीबरोबर जमिनीलगतही जाळीचे झरोके हवेत. जुन्या घरातले स्वयंपाकघर पुष्कळदा अंगणापेक्षा एक पायरी खाली असते. तिथे भर घालून जमीन उचलून घ्यावी. १४.२ किलोची टाकी नेहमी उभी ठेवावी, शेगडी टाकीपेक्षा उंच असावी, टाकी बंद कपाटात कोंडू नये, आणि रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी. पेटती चूल आणि टाकी शेजारी शेजारी नको. चूल ठेवायची तर तिची जागा मागच्या पडवीत काढावी.

ज्यांच्या दावणीला चार-पाच जनावरे आहेत त्यांनी गोबरगॅसचा विचार जरूर करावा. साधारण २५ किलो ताज्या शेणापासून १ घनमीटर गॅस मिळतो आणि सहा माणसांच्या स्वयंपाकाला सुमारे २ घनमीटर पुरतो. म्हणजे रोज ५० किलो शेण लागते. संयंत्र गोठा आणि स्वयंपाकघर यांच्या मधे, उन्हात असावे. थंडीत गॅस कमी पडतो, तेव्हा टाकी जोडीला राहू द्यावी. बाहेर पडणारी मळी उसाला उत्तम, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

पाचटाबद्दलही दोन शब्द. पुण्याच्या 'आरती' म्हणजे समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली उसाच्या पाचटापासून कांडी-कोळसा करण्याची पद्धत बसवली. त्या कामाला २००२ साली इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पाचट पेटवून देणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की ज्याला आपण कचरा म्हणतो त्यात घराचे जळण आणि रानाचे खत दोन्ही आहे. आमचा पहिला सल्ला पाचट सरीत कुजवण्याचाच राहील.

५. पाणी आत येते तसे बाहेरही गेले पाहिजे

नळ आला, आत मोरी झाली, पण सांडपाणी कुठे जाणार हे ठरवलेले नसते. मग ते भिंतीच्या पायाशी मुरते. दगड-मातीच्या भिंतीला पायाशी मुरणारे पाणी हा सर्वांत मोठा धोका आहे. बाहेरून काही दिसत नाही आणि एखाद्या आषाढात भिंत खाली बसते.

मोरी शक्यतो बाहेरच्या भिंतीकडे घ्यावी, आणि पाण्याची नळी भिंतीपासून निदान आठ-दहा फूट दूर नेऊन सोडावी. जागा असेल तर अळू, केळी, कर्दळ यांच्या वाफ्यात पाणी द्यावे. जागा नसेल तर तीन फूट लांब, रुंद व खोल असा शोषखड्डा घ्यावा. तळाला मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर खडी, आणि खरकटे अडवायला आधी एक छोटी जाळीची कुंडी. नांदेड जिल्ह्यात शोषखड्ड्यांची मोठी मोहीम झाली आणि उघडी गटारे बुजवून डास कमी करता येतात हे तिथे दिसून आले. आपल्याकडे मुरमाच्या जमिनीत खड्डा चांगला चालतो. नसरापूर-किकवीकडच्या भारी काळ्या रानात तो लवकर भरतो, तिथे परसबागच बरी. विहिरीपासून किंवा बोअरपासून खड्डा ५० फूट दूर हवा.

पश्चिमेच्या भिंतीला पावसाची झड लागते. जुनी माणसे पावसाळ्यात तिला गवताचा किंवा पेंढ्याचा आडोसा बांधत, ते उगाच नव्हते. वळचण दोन-अडीच फूट बाहेर काढावी आणि पागोळ्या पायाशी पडणार नाहीत अशी पन्हळ लावावी.

६. चूल एक की दोन?

हा विषय गवंड्याचा नाही, पण याच्यावर आराखडे अडतात. आपल्या भाषेत भाऊ वेगळे झाले असे म्हणत नाहीत, चुली वेगळ्या झाल्या म्हणतात. वडिलोपार्जित घरात एका भावाच्या उसाच्या पैशातून स्वयंपाकघर नवे होते आणि दुसऱ्याच्या मनात हिशेब सुरू होतो. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला तिघांची नावे, पैसे एकाचे आणि खोली सगळ्यांची. वाद पुढे भिंत घालण्यावर जातो.

म्हणून काम काढण्यापूर्वी सर्व भावांनी, आई हयात असेल तर तिला मधे बसवून, तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात. कोण किती पैसे घालणार. पुढे वाटणी झाली तर ही खोली कोणाकडे जाणार आणि बाकीच्यांना काय मिळणार. पुण्याला नोकरीला असलेला भाऊ सणाला आला की त्याची बायको कुठे स्वयंपाक करणार. मग सगळ्यांनी सह्या कराव्यात आणि ग्रामपंचायतीत परवानगीची चौकशी करून मगच हात घालावा. कागद केला म्हणजे विश्वास नाही असे नव्हे. विश्वास टिकावा म्हणूनच कागद करायचा.

पुढे-मागे दुसरी चूल होईल असे दिसत असेल, तर आजच तिच्यासाठी पाण्याची आणि सांडपाण्याची एक जोडणी बंद करून ठेवावी. तेवढ्याने घर फुटत नाही, आणि वेळ आली तर भांडण न होता सोय होते.

७. वेळ आणि पैसा

आपल्या भागात जुन्या घराच्या भिंतीला हात लावायचा तो दिवाळीनंतरच, आणि छपराचे काम अक्षयतृतीयेच्या आत मिटले पाहिजे. वळिवाच्या पावसात उघडे छप्पर सापडले तर मातीच्या भिंतीचे काही खरे नाही. त्यात तोडणीचा हंगामही तेव्हाच असतो, घरची माणसे फडात असतात. म्हणून तोडणीचा अंदाज गट ऑफिसात विचारून मगच गवंड्याला तारीख द्यावी. काम चालू असताना मागच्या पडवीत तात्पुरता स्वयंपाक मांडावा, आणि तो पंधरा दिवस नव्हे तर दीड महिना चालेल असे धरून.

पैशाचे पाच भाग करावेत. दोन भाग भिंत, छप्पर आणि लाकूड यांना. एक भाग पाणी, सांडपाणी आणि वीज यांना. जुनी वायर काढून नवी घालावी, अर्थिंग करावे आणि झटका बसण्यापूर्वी वीज तोडणारा स्विच बसवावा. एक भाग ओटा, मांडणी, फरशी यांना. पाचवा भाग हातात ठेवावा, कारण जुनी भिंत उघडल्यावर आत काय निघेल ते कोणीच सांगू शकत नाही. पहिल्या उचलीच्या पैशावर काम सुरू करून पुढच्या हप्त्याच्या भरवशावर छप्पर उघडू नये. हप्ता मागे-पुढे होतो, पाऊस होत नाही.

फडताळे, कोनाडे, जुन्या सागाच्या फळ्या, तांब्या-पितळेची भांडी हे मोडीत घालण्याची घाई नको. भिंतीतला कोनाडा म्हणजे फुकटचे कपाट आहे. आंबेमोहोर-इंद्रायणीचा वर्षाचा तांदूळ ठेवायला जागा लागते, ती सनमायकाच्या कपाटात मिळत नाही.

पहार घेण्यापूर्वी एवढे विचारा

१. घरातल्या बायांनी आराखडा पाहिला का? ओटा त्यांच्या कोपराच्या मापाने आहे का?
२. भार कोणत्या खांबावर, कोणत्या भिंतीवर आहे हे सुताराने सांगितले का? टेकू तयार आहेत का?
३. धूर कुठून बाहेर जाणार? जमिनीलगत झरोके आहेत का?
४. सांडपाणी पायापासून किती फुटांवर पडणार?
५. भावांच्या सह्या झाल्या का?
६. अक्षयतृतीयेपर्यंत किती दिवस उरले?
७. पाचवा भाग हातात आहे का?

या सातांची उत्तरे मिळाली, की मग फरशी कुठलीही घ्या. ती घरातल्या बायांनी निवडावी, म्हणजे तोही वाद मिटला.